नाताळचे जेवण : घरातील बाळाच्या वेळेनुसार

नाताळ हा एका बाळाच्या जन्माचा सण आहे. तरीही ज्या घरात दोन-तीन वर्षांचे मूल आहे, त्या घरात या दिवशी सर्वाधिक बोलणी तेच मूल खाते, असे पुष्कळदा दिसते. नवे कपडे मळवले म्हणून, पाहुण्यांशी बोलले नाही म्हणून, ताटातले टाकले म्हणून आणि ऐन पंगतीच्या वेळी रडू लागले म्हणून. दुसरीकडे त्या मुलाची आई पहाटेपासून चुलीपाशी उभी असते. सर्वांची जेवणे आटोपल्यावर ती पानावर बसते, तेव्हा अन्न निवलेले असते आणि तिचा उत्साहही. धर्मग्रामात घरोघरी भेटी देताना, ‘फादर, नाताळ एकदा पार पडला की सुटले’ असे उद्गार माता-भगिनींच्या तोंडून ऐकावयास मिळतात. प्रभुजन्माचा आनंद ‘पार पाडावा’ लागत असेल, तर आपल्या सणाच्या मांडणीत काहीतरी उलटे झाले आहे, हे ओळखले पाहिजे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात कुटुंबाला ‘घरातील ख्रिस्तसभा’ असे संबोधले. या छोट्या ख्रिस्तसभेत लहान मूल प्रवचनातून श्रद्धा शिकत नाही. ते पाहून, हुंगून, चाखून शिकते. नाताळ म्हणजे काय, हे त्याला प्रथम कळते ते गव्हाणीपाशी आणि जेवणाच्या पानावर. तेथे त्याला प्रेम मिळाले तर सणाचा अर्थ प्रेम. धाकदपटशा मिळाला तर सणाचा अर्थ धाकदपटशा. म्हणून या जेवणाचा विचार केवळ पाककृतींचा विचार ठरत नाही.

पहिल्या नाताळची व्यवस्था

संत लूकने शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात प्रभुजन्माचे वर्णन अत्यंत मोजक्या शब्दांत केले आहे. उतारशाळेत जागा नव्हती. मेजवानीचा तर प्रश्नच नव्हता. मात्र मरियामातेने केलेल्या दोन गोष्टींची नोंद लूक आवर्जून करतो : तिने बाळाला कपड्यात गुंडाळले आणि गव्हाणीत निजवले. ऊब आणि झोप. बाळाची गरज प्रथम भागवली गेली आणि मग मेंढपाळ आले. त्यांनी काय आणले, हे लूक सांगत नाही. ते आले, त्यांनी बाळाला पाहिले आणि देवाचे गौरव करीत परतले, एवढेच तो लिहितो.

गव्हाणी म्हणजे गुरांना चारा घालण्याची जागा आणि बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’. अन्न आणि बाळ यांचे नाते असे या सणाच्या मुळाशीच आहे. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी जिवंत बैल-गाढव व गवत यांच्यासह गव्हाणीचा देखावा उभा केला, तोही या साधेपणाचे दर्शन घडावे म्हणूनच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चो गावी गव्हाणीच्या अर्थाविषयीच्या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली. आपल्या अंगणातील गव्हाणीकडे पाहिले तर नाताळच्या जेवणाचा एक साधा नियम हाती लागतो : दिवसाचे वेळापत्रक घरातील सर्वांत लहान व्यक्तीच्या गरजेवरून ठरवावे. पुढील सूचना याच एका नियमाचा विस्तार आहेत.

मुले नेमकी आजच का किरकिरतात?

‘एरवी शहाणे असते, आजच काय झाले?’ असा प्रश्न आई-वडिलांना पडतो. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास व तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. यात दुपारची झोपही आली. आदल्या रात्री मिस्सेसाठी जागरण, सकाळी पाहुण्यांची वर्दळ आणि दुपारी उशिरा पंगत, असा दिवस गेला तर मुलाची झोप किती तुटली, याचा हिशेब आपणच करावा.

त्यात भूक मिसळते. लहान मुलाचे पोट लहान असते. त्याला थोडे थोडे व वारंवार लागते. सकाळपासून कुलकुल, केक आणि चॉकलेट हाती पडत राहते, म्हणून जेवणाच्या वेळी भूक नसते. आणि पंगत दोन वाजता बसली तर तोवर भूक वाढून रडू कोसळते. गोड खाल्ल्याने मुले उधळतात, असा समज सार्वत्रिक आहे. परंतु अमेरिकेत १९९५ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा साखरेमुळे मुलांच्या वागणुकीत तसा फरक पडत असल्याचे आढळले नाही. दोष साखरेवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. मूल थकलेले, भुकेले आणि गर्दीने बावरलेले असते. ते खोडकर झालेले नसते.

कोणत्या मिस्सेला जावे?

जेवणाची तयारी खरे तर मिस्सेच्या निवडीपासून सुरू होते. ख्रिस्तसभेच्या उपासनेत नाताळसाठी एक नव्हे, तर चार मिस्सांचे विधी दिलेले आहेत : पूर्वसंध्येची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. चारही मिस्सा ख्रिस्तजन्माच्याच आहेत. रात्रीची ‘खरी’ आणि दिवसाची ‘दुय्यम’ असा भेद ख्रिस्तसभा करीत नाही. ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील कलम १२४८ नुसार सणाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी सायंकाळी मिस्सेत सहभागी झाल्यास सणाचे कर्तव्य पूर्ण होते. शिवाय ख्रिस्तसभेचे असे नियम सात वर्षे पूर्ण झालेल्यांनाच बंधनकारक असतात (कलम ११). याचा अर्थ लहानग्यांना मंदिरात आणू नये असा मुळीच नाही. त्यांचे तेथे स्वागतच आहे. परंतु झोपेने कोमेजलेल्या दोन वर्षांच्या बाळाला कर्तव्य म्हणून मध्यरात्री थंडीत बसवण्याची गरज नाही, एवढे निश्चित. बाळ असलेल्या कुटुंबाने सकाळची मिस्सा निवडावी, किंवा आई व वडील यांनी वेगवेगळ्या मिस्सांना जावे. यात कोणताही कमीपणा नाही.

आणखी एक खुलासा येथे आवश्यक आहे. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास पूर्वी मध्यरात्रीपासून पाळला जाई. १९६४ पासून तो एका तासाचा आहे. ज्या मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झालेला नाही, त्यांना तर तोही लागू नाही. म्हणून सकाळी मंदिरात निघण्यापूर्वी मुलांना दूध-चपाती, केळे किंवा उपमा पोटभर द्यावा. आजी-आजोबांनी बालपणी पाळलेला कडक उपवास आदरणीय आहे. तो नातवंडांवर लादण्याचे कारण नाही.

सण एका दिवसाचा नाही, आठ दिवसांचा आहे

आपल्या घरांतील पुष्कळसा ताण एका गैरसमजातून जन्मतो. सर्व पदार्थ, सर्व पाहुणे, सर्व भेटवस्तू २५ डिसेंबरलाच व्हायला हव्यात, असे आपण धरून चालतो. उपासनेचे पंचांग मात्र निराळे सांगते. ख्रिस्तजन्माचा सोहळा २५ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत आठ दिवस चालतो आणि नाताळचा काळ तर प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत असतो. २६ ला संत स्तेफन, २७ ला संत योहान, २८ ला निष्पाप बालहुतात्मे, या आठवड्यातील रविवारी पवित्र कुटुंबाचा सण आणि १ जानेवारीला देवमाता मरियेचा सण.

ही दिनदर्शिका म्हणजे गृहिणीला मिळालेली देणगीच आहे. २५ तारखेला केवळ घरची माणसे व आजी-आजोबा असू द्यावेत. मामा-मावशीकडील मंडळींना पवित्र कुटुंबाच्या रविवारी बोलवावे; त्या दिवशी कुटुंब एकत्र येणे किती औचित्यपूर्ण! २८ तारखेचा सण हेरोदाने मारलेल्या दोन वर्षांखालील बालकांच्या स्मरणाचा आहे. या दिवशी मुलांना आशीर्वाद देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. त्या दिवशी आळीतील मुलांना बोलावून साधी खिचडी आणि नाताळचा उरलेला फराळ दिला, तर मुलांची पंगत स्वतंत्रपणे होते आणि कोणाची धावपळही होत नाही. गोव्यात चांदर, कासावली व रेईश मागुश येथे प्रकटीकरणाच्या सणाला तीन मुले राजांच्या वेशात मिरवतात आणि अवघे गाव त्यांच्याभोवती जमते. लहानांना मध्यभागी ठेवण्याची परंपरा आपल्याकडे आहेच.

स्वयंपाक : आधी काय, त्या दिवशी काय

आपल्या पूर्वजांच्या पाककलेत एक शहाणपण आहे. नाताळचे बहुतेक पदार्थ आधी करून ठेवण्याजोगेच आहेत. कुलकुल, नेवऱ्या, दोदोल हे डब्यात चांगले राहतात. बाटली मसाला तर उन्हाळ्यातच कुटून भरलेला असतो. सोरपोतेल, विंदालू यांसारखी व्हिनेगर घातलेली कालवणे केल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक मुरतात. तेव्हा हे पदार्थ २३ किंवा २४ तारखेला करावेत, निवल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवावेत आणि सणाच्या दिवशी लागेल तेवढेच चांगली उकळी येईपर्यंत गरम करावेत. २५ तारखेला सकाळी करावयाचे काम फक्त दोन पदार्थांपुरते असावे : भात किंवा पुलाव, आणि फुगे. फुग्यांचे पीठ आंबण्यास वेळ लागतो, म्हणून ते मिस्सेला जाण्यापूर्वीच कालवून ठेवावे. तळणीच्या वेळी मुले स्वयंपाकघरात नसावीत. उकळत्या तेलाच्या कढईपाशी लडिवाळपणा नको.

पदार्थांची संख्या हा प्रतिष्ठेचा विषय करू नये. एक मांसाहारी कालवण, एक भाजी, भात, फुगे आणि एक गोड पदार्थ एवढे पुरेसे असते. बेथानी येथील मार्थेची कथा संत लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. प्रभूने तिच्या सेवेला नावे ठेवली नाहीत. अनेक गोष्टींची चिंता वाहून ती अस्वस्थ झाली होती, याकडे त्याने तिचे लक्ष वेधले. आपल्या घरांतील मार्थांना मात्र नुसता उपदेश करून भागणार नाही. त्यांच्या हातातील काम कोणीतरी घेतले पाहिजे. संत योसेफ यांना आपण कुटुंबाचे रक्षणकर्ते मानतो. बाळाला व मातेला घेऊन रातोरात मिसर देशी जाणारे ते पिता होते. त्यांच्या भक्तांनी वर्षातून एकदा भांडी घासणे, मुलाला भरवणे आणि पाहुण्यांना पाणी देणे, ही कामे आनंदाने करावीत. मुलाला झोपवण्याची जबाबदारी कोणाची, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे.

मुलांचे ताट

मोठ्यांची पंगत एक वाजता असेल तर लहानांना साडेअकरा-बाराच्या सुमारास त्यांचे नेहमीचे जेवण द्यावे : वरण-भात, तूप, एखादे अंडे. पोट भरलेले मूल मग मुख्य पंगतीला प्रार्थनेपुरते, फुग्यापुरते, चार घासांपुरते हसत बसते. दहा-पंधरा मिनिटांनी ते उठले तर उठू द्यावे.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेले एक सूत्र जगभर मान्यता पावले आहे. काय वाढायचे, केव्हा आणि कोठे, हे आई-वडिलांनी ठरवावे. त्यातले खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे. आजीने मोठ्या मायेने केलेले कालवण नातवाने नाकारले, तर तो आजीचा अपमान नव्हे. नवी चव स्वीकारण्यापूर्वी लहान मुलांसमोर तो पदार्थ अनेकदा, कधी कधी दहा-पंधरा वेळा, यावा लागतो. या वर्षी त्याने वास घेतला, पुढल्या वर्षी तो बोट बुडवून पाहील. बाटली मसाल्याच्या तिखटापूर्वीच त्याच्यासाठी थोडे कालवण वेगळे काढावे.

पाहुण्यांच्या गर्दीत काही धोके नजरेआड होतात. त्यांकडे मात्र कटाक्षाने लक्ष असावे :

– पाच वर्षांखालील मुलांना अख्खे काजू, बदाम, शेंगदाणे, अख्खी द्राक्षे व टणक गोळ्या देऊ नयेत. घशात अडकून श्वास कोंडू शकतो. द्राक्षे उभी चिरून द्यावीत. कुलकुलही कडक असतात. लहानग्यांना ते दुधात भिजवून मऊ करून द्यावेत. आपल्या वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी हा चांगला गोड खाऊ आहे. पण तीही बारीक तुकडे करूनच.
– मांसातील हाडे व मासळीतील काटे मोठ्यांनी स्वतः काढून मगच घास द्यावा.
– एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होऊ शकते.
– रममध्ये मुरवलेला केक व खिमाड लहानांसाठी नाही. मुलांसाठी साधा केक वेगळा ठेवावा. उरलेले पेले टेबलावर राहू देऊ नयेत. मूल ते तोंडाला लावते.
– शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ उघड्यावर राहू नये. डिसेंबरची हवा गार वाटली, तरी आपल्या किनारपट्टीवर दुपारी उकडतेच.

पाहुणे आणि मुलांचा मान

पाहुणे येताच मुलाला पुढे ढकलून ‘गाणे म्हणून दाखव’, ‘काकांना पापा दे’ असा आग्रह आपण करतो. अनोळखी चेहऱ्यांत बावरलेल्या मुलाला हे जड जाते. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद मागण्याची आपली रीत सुंदर आहे. तिच्यात हात जोडणे पुरेसे आहे. वडीलधाऱ्यांनीही मुलाच्या मस्तकावर हात ठेवावा व त्याला जाऊ द्यावे. शरीराला कोणी व कसा स्पर्श करावा, याबाबत मुलाचा नकार मानला जाणे, ही त्याच्या सुरक्षिततेची पहिली शिकवण आहे. सणाच्या दिवशी ती मोडू नये.

मुलांना काम दिले की ती खुलतात. तीन वर्षांचे मूल पंगतीत कागदी रुमाल ठेवू शकते. पाच वर्षांचे मूल गव्हाणीतील बाळ येशूपुढे फूल वाहू शकते. शेजाऱ्यांना नाताळचा फराळ पाठवण्याची आपली प्रथा तर मुलांच्या हातांनीच शोभते. आपले हिंदू व मुस्लीम शेजारी दिवाळी व ईदला आपल्याला विसरत नाहीत. मुलाला बरोबर घेऊन ते ताट स्वतः पोहोचते करावे. शाकाहारी कुटुंबासाठी अंडे नसलेले पदार्थ वेगळे काढावेत. आळीत या वर्षी कोणाकडे दुःखद घटना घडली असेल, कोणी वृद्ध एकटे असेल, तर पहिले ताट त्या घरी जावे. आई-वडिलांचे बोट धरून त्या दारात उभे राहिलेले मूल नाताळविषयी जे शिकेल, ते कोणत्याही धर्मशिक्षणाच्या तासाला शिकवता येणार नाही.

२९ डिसेंबर २०१९ रोजी, पवित्र कुटुंबाच्या सणाला, पोप फ्रान्सिस यांनी जेवताना मोबाईलमध्ये गुंतलेल्या कुटुंबांना पुन्हा एकमेकांशी बोलू लागण्याचे आवाहन केले होते. मुलांनी शांत राहावे म्हणून त्यांच्या हाती मोबाईल देणे सोपे असते. पण पंगतीपुरते घरातील सर्वांचेच मोबाईल एका टोपलीत ठेवले, तर मुलांना नियम वाटत नाही. घराची रीत वाटते. परदेशी असलेल्या नातलगांना फोन करण्याची वेळ जेवणानंतरची ठेवावी.

जेवणापूर्वीची प्रार्थना

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जेवणापूर्वी व जेवणानंतर प्रार्थना करण्याची सवय पुन्हा जोपासण्यास सांगितले आहे. ती प्रार्थना लांबू नये; समोर वाढलेल्या ताटाकडे पाहत मूल एक मिनिट थांबू शकते, पाच मिनिटे नाही. क्रूसाची खूण करावी. घरातील सर्वांत लहान बोलणाऱ्या मुलाने बाळ येशूला ‘धन्यवाद’ म्हणावे. अन्न पिकवणारे शेतकरी, मासळी आणणारे कोळी बांधव आणि ते शिजवणारे घरातील हात यांचे स्मरण करावे. ‘आमेन’ म्हटल्यावर सर्वांनी एकदम बसावे; स्वयंपाक केलेल्या आईनेही. ती बसल्याशिवाय कोणी पहिला घास घेऊ नये, एवढा एकच नियम या नाताळला पाळला, तरी पुष्कळ काही साधेल.

इतके करूनही एखादा पेला कलंडेल, नवा फ्रॉक कालवणाने माखेल, बाळ नेमके पाहुण्यांसमोरच भोकाड पसरेल. तेव्हा कोणीतरी त्याला उचलून गव्हाणीपाशी न्यावे आणि तेथील बाळ दाखवावे. ज्या देवाने रडणारे, भुकेले व झोपेला आलेले मूल होऊन या जगात येणे पसंत केले, त्याच्या वाढदिवशी मुलाच्या रडण्याने सणाचा विचका होत नसतो.

आपल्या घरातील लहानग्यांना व त्यांना सांभाळणाऱ्या सर्व हातांना ख्रिस्तजन्मोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा!